बेंबीच्या देठापासून

(दृश्य : संध्याकाळ. गुहेच्या तोंडातून वटवाघळांचा लोंढा बाहेर पडतो.)

तुम्हाला ऐकू येतेय ती फक्त पंखांची फडफड. पण यातलं प्रत्येक वटवाघूळ आत्ता बेंबीच्या देठापासून ओरडतंय. आपला कान २०,००० हर्ट्झपर्यंतच, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांपर्यंतच पोचतो, त्यांची हाक बहुतेक वेळा त्याच्या वरची असते. म्हणून आपल्या लेखी सगळं शांत.

हे ओरडणं माणसाला कळायला जवळजवळ दीडशे वर्षं लागली.

१७९३. इटलीतलं पाव्हिया. मेणबत्ती विझली की शास्त्रज्ञ लाझारो स्पालान्झानी यांचं घुबड खोलीत गोंधळून आपटायचं. वटवाघूळ मात्र त्याच मिट्ट काळोखात, छताला टांगलेले दोरे चुकवत आरामात फिरायचं. मग स्पालान्झानींनी काही वटवाघळांचे डोळेच काढले. हे सांगतानाही पोटात कालवतं. तरीही ती दोरे चुकवत उडालीच. घंटाघरात सोडलेल्यांपैकी काही पुन्हा हाती लागली, तेव्हा त्यांची पोटं किड्यांनी भरलेली होती.

पुढे जीनिव्हाचे शल्यचिकित्सक लुई झ्युरीन यांनी डोळ्यांऐवजी कान मेणाने बुजवले. वटवाघूळ समोर येईल त्यावर आदळू लागलं.

म्हणजे उत्तर सापडलंच होतं. पण खोलीत आवाजच नाही, तर कान ऐकतात तरी काय? थोर प्राणिशास्त्रज्ञ झोर्झ क्युव्हिए यांनी निर्वाळा दिला : कान नव्हे, स्पर्श. एवढ्या मोठ्या माणसाचा शब्द! कानांची गोष्ट अडगळीत गेली.

(दृश्य : जुन्या प्रयोगशाळेतलं ध्वनियंत्र. काटा थरथरतो.)

१९३८. हार्वर्डमधला डोनाल्ड ग्रिफिन हा विद्यार्थी पिंजऱ्यातली वटवाघळं घेऊन भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज पिअर्स यांच्याकडे गेला. अतिउच्च ध्वनी माणसाला ऐकू येईल असा करणारं यंत्र त्यांच्याकडे होतं. ते वटवाघळांसमोर धरलं मात्र, इतका वेळ गप्प असलेला पिंजरा बोलू लागला.

मग ग्रिफिन आणि रॉबर्ट गॅलाम्बोस यांनी खोलीत तारा टांगल्या. कान बंद केले, वटवाघूळ तारांवर आपटलं. कान मोकळे ठेवून तोंड बांधलं, तरी आपटलं! वाट काढायला आधी हाक, मग तिचा प्रतिध्वनी, दोन्ही लागतात. हे एका परिषदेत सांगितल्यावर एका नामवंत शास्त्रज्ञाने गॅलाम्बोस यांचे खांदे धरून त्यांना गदागदा हलवलं. इतकं ते अशक्य वाटत होतं.

एक गैरसमज मात्र जायला हवा. वटवाघळं आंधळी नसतात. फळं खाणारी मोठी वटवाघळं तर मुख्यतः डोळे आणि नाक यांवरच चालतात.

(दृश्य : संथ गतीत शिकार. पार्श्वभूमीला खाली उतरवलेला ध्वनी : टक... टक... टक...)

आता कान देऊन ऐका. वटवाघूळ शोधात आहे, हाका सुट्या-सुट्या येतायत. पुढे पतंग आहे. टक-टक-टक. अंतर घटतंय तशी प्रत्येक हाक आखूड होते, दोन हाकांमधली जागा आक्रसते आणि शेवटी सगळ्या मिळून नुसती गुणगुण उरते. सेकंदाला दीडशेच्या वर हाका! स्वतःच्याच ओरडण्याने कान बधिर होऊ नयेत म्हणून हाकेच्या ऐन आधी कानातला एक इवलासा स्नायू आवळतो आणि प्रतिध्वनी येईतो सैल पडतो. मला या सगळ्यात सर्वांत थक्क करतो तो हा स्नायू.

पतंगही काही आयता घास नसतो. कित्येक पतंगांना छातीपाशी कान असतात आणि अशा एकेका कानात ऐकणाऱ्या चेतापेशी जेमतेम दोन. तेवढ्याही पुरतात. हाक जवळ आली की पतंग पंख मिटून दगडासारखा खाली पडतो.

बर्थोल्डिया ट्रायगोना नावाचा पतंग तर पळतही नाही. तो उलट ओरडतो. छातीच्या बाजूंचे पातळ पडदे थरथरवून सेकंदाला हजारो टकटकी सोडतो. वटवाघळाच्या प्रतिध्वनीत हा गोंगाट मिसळतो आणि शिकार नेमकी किती अंतरावर आहे, हेच कळेनासं होतं. २००९मध्ये हे प्रयोगातून सिद्ध झालं.

(दृश्य : वटवाघळाचा झेप घेतलेला पंख पतंगापासून थोडक्यात हुकतो. ध्वनी पूर्ववत : फक्त फडफड.)