विल्होळीच्या नाक्यावर न थांबणारी गाडी

मंडळी, नमस्कार. आज मला कर आणि शाळा यांच्याबद्दल बोलायचे आहे.

तुमच्यातल्या पन्नाशीपुढच्यांना नाशिकच्या वेशीवरचा विल्होळीचा जकात नाका आठवत असेल. मुंबईकडून आलेल्या ट्रकांची रांग, खिडकीशी बिल्टी, म्हणजे मालाचा कागद, घेऊन धावणारा क्लीनर, खोकी मोजणारा कारकून आणि पावती फाटली की गाडी सुरू केल्याचा आवाज. मी करसल्लागार म्हणून उमेदवारी करत होतो तेव्हा आमच्या व्यापाऱ्यांची अडकलेली गाडी सोडवायला मला रात्री-अपरात्री तिथे जावे लागे. थंडीत शेकोटीशी बसून मी एकच गोष्ट शिकलो. जे डोळ्यांना दिसते, हाताला लागते, काट्यावर चढते, त्याच्यावर कर लावणे सोपे असते.

जकात 2013 साली गेली, एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला. व्यापाऱ्यांनी बंद पाळले, मोर्चे काढले. 2015 मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांची एलबीटीतून सुटका झाली आणि 1 जुलै 2017 ला जीएसटी आला. नाका ओस पडला. पण त्याच काळात नाशिकची कमाईही बदलत होती, तिकडे आपले लक्ष गेले नाही. सातपूर-अंबडचे कारखाने आहेत, पिंपळगावचा द्राक्षबाग आहे, लासलगावचा कांदा आहे. पण आज कॉलेज रोडवर, गंगापूर रोडवर, इंदिरानगरात पैसा कशातून फिरतो ते पाहा. क्लासेस, दवाखाने, हॉटेले, विमा, घरबसल्या परदेशी कंपनीचे काम करणारी मुले, मोबाइलवर मागवलेले जेवण. यातली एकही गाडी नाक्यावर थांबणारी नाही. हिला चाके नाहीत, बिल्टी नाही, वजन नाही.

कर गोळा करणाऱ्याने या कमाईच्या मागे जायला हवे होते. देशात सेवांवर कर 1 जुलै 1994 ला सुरू झाला, तोही फक्त तीन सेवांवर आणि 5 टक्क्यांनी: टेलिफोन, सर्वसाधारण विमा आणि शेअर दलाल. तिथून जीएसटीच्या 18 टक्क्यांपर्यंत आपण आलो. या करातला राज्याचा वाटा सेवा जिथे वापरली तिथल्या राज्याला मिळतो, हे चांगलेच आहे. पण शहराच्या हाती काय? जकात-एलबीटी बुडाल्याबद्दल महापालिकेला राज्याकडून भरपाई येते, मूळ रकमेत दरवर्षी 8 टक्के वाढ धरून. शहरातला धंदा दुप्पट झाला काय, निम्मा झाला काय, त्या आकड्याला फरक पडत नाही.

आता शाळेकडे येतो. माझे वडील निफाड तालुक्यात जिल्हा परिषदेचे मास्तर होते, म्हणून हे दोन विषय माझ्या मनात कधी वेगळे झालेच नाहीत.

शाळेसाठी म्हणून कर घेण्याची आपल्याकडची रीत फार जुनी आहे. मुंबई इलाख्यात 1860 च्या दशकात शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड म्हणून घेतला जाऊ लागला आणि त्यातला तिसरा हिस्सा शाळांसाठी ठेवला गेला. म्हणजे कुणब्याच्या घामातून शाळेचा पैसा. 1882 मध्ये जोतीराव फुल्यांनी शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर कमिशनपुढे निवेदन दिले. त्यात त्यांची तक्रार अशी की हा कर शिक्षणासाठी घेता, पण शिक्षणावर खर्च करत नाही. ज्या गावांतून तो वसूल होतो त्यातल्या जवळजवळ नऊ-दशांश गावांत, सुमारे दहा लाख मुलांसाठी, प्राथमिक शिक्षणाची काहीच सोय नाही. मला या निवेदनात सगळ्यात मोठे वाटते ते हे, की फुले कर रद्द करा असे म्हणत नाहीत. कोणाकडून घेतला आणि कोणाच्या मुलांवर खर्च केला, एवढाच हिशेब ते मागतात. आजही विचारायचे ते हेच दोन प्रश्न आहेत.

पहिला प्रश्न, कोणाकडून? पगाराच्या चिठ्ठीवर ‘पीटी’ लिहिलेले असते ते तुम्ही पाहिले असेल. व्यवसाय कर. 1972 च्या दुष्काळानंतर रोजगार हमीसाठी पैसा उभा करायचा होता, म्हणून महाराष्ट्राने 1975 मध्ये हा कायदा केला. शहरातल्या नोकरदाराने दुष्काळी गावातल्या मजुराच्या हाताला काम देण्यासाठी आपल्या पगारातून काही द्यायचे. मला या कल्पनेचा अभिमान वाटतो. पण आज त्या कराचे काय झाले आहे पाहा. दहा हजारांच्या वर पगार असलेल्या पुरुषाला महिना 200 रुपये, फेब्रुवारीत 300, वर्षाचे 2,500. महिलांना 25,000 पर्यंत माफी आहे, ते योग्यच झाले. पण 2,500 च्या वर कोणाकडूनच घेता येत नाही, कारण राज्यघटनेच्या 276 व्या कलमात तशी मर्यादा आहे.

आमच्या सोसायटीच्या गेटवर रात्रपाळीला एक वॉचमन असतात. पगार 13,000. वर्षाचे 1,56,000, त्यातून 2,500 जातात. शंभरामागे एक रुपया साठ पैसे. वरच्या मजल्यावरचा तरुण सॉफ्टवेअरमध्ये आहे, महिना दीड लाख. त्याचेही 2,500 च. शंभरामागे चौदा पैसे. तो मुलगा स्वभावाने फार चांगला आहे, वॉचमनच्या मुलीला गणित शिकवतो. त्याला हे सांगितले तेव्हा तो खरोखर ओशाळला. पण चूक त्याची नाही. आणि ज्या कंपनीची उलाढाल काही कोटींची आहे, तिला कंपनी म्हणून स्वतःचा व्यवसाय कर किती? तोही 2,500.

कलमात 1950 पासून मर्यादा 250 रुपयांची होती. 1988 मध्ये साठाव्या घटनादुरुस्तीने ती 2,500 झाली. तेव्हा 2,500 ही भरभक्कम रक्कम होती, आमच्या वडिलांचा महिन्याचा पगारही त्याहून कमी होता. तेव्हापासून ती तशीच आहे. सेवाक्षेत्राची सगळी वाढ त्यानंतरची, आणि त्या कमाईवर राज्याचा म्हणून जो एक थेट कर आहे, तो तिथेच गोठला.

दुसरा प्रश्न, कोणाच्या मुलांवर?

मागच्या वर्षी मी पेठ तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत गेलो होतो. पट सव्वीस. शिक्षकांचा पगार शासन वेगळा देते, त्याबद्दल माझे म्हणणे नाही. पण शाळा चालवायला समग्र शिक्षा या सरकारी योजनेचे संयुक्त अनुदान मिळते, ते 30 पटापर्यंतच्या शाळेला वर्षाला 10,000 रुपये. बाईंनी मला वही दाखवली. खडू, हजेरीपट, रजिस्टर 1,450. वीजबिल 3,600. फिनेल, झाडू, साबण 1,200. वादळात उडालेले दोन पत्रे बसवून घेतले, मजुरीसह 4,300. नळाची तोटी आणि पाइप 850. झाले 11,400. वरचे 1,400 कुठून आले, असे मी विचारले. बाईंनी वही मिटली आणि मुलांना पाढे म्हणायला सांगितले.

आता त्याच दिवशी संध्याकाळी मी शहरात परतलो तेव्हाची गोष्ट. पुतण्याच्या मुलाला अकरावीचा क्लास लावला होता, त्याची पावती त्याने मला बघायला दिली. फी एक लाख, त्यावर जीएसटी 18,000. शाळेच्या फीवर जीएसटी नाही, क्लासवर आहे. मी ती पावती बराच वेळ हातात धरून बसलो. एका मुलाच्या क्लासवरचा कर 18,000 आणि सव्वीस मुलांच्या शाळेचे वर्षाचे अनुदान 10,000. हे 18,000 निम्मे केंद्राकडे, निम्मे राज्याकडे जातात आणि त्यातला एक रुपयाही शाळेवर खर्च करण्याचे बंधन कोणावर नाही. शाळा-कॉलेजात शिकवणे पुरत नाही म्हणून घरातली माणसे क्लासला जातात, आणि त्या न पुरण्यावर सरकारला कर मिळतो. हे मला सहन होत नाही, म्हणूनच आज इथे उभा आहे.

कॉलेजात का पुरत नाही, तेही सांगतो. माझी भाची नेट-सेट, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा, झालेली आहे आणि सात वर्षे सीएचबीवर, तासिका तत्त्वावर शिकवते आहे. तास झाला तर पैसे, सुट्टी आली तर नाही, आणि मानधनाचे बिल निघायला कधी सहा महिने लागतात. जेवण पोहोचवणाऱ्या पोराला निदान आठवड्याला तरी पैसे मिळतात, असे ती परवा म्हणाली. सेवाक्षेत्र बदलते आहे असे आपण म्हणतो तेव्हा शिक्षकही त्याच सेवाक्षेत्रात ढकलला गेला आहे, हे ध्यानात घ्या.

कुणी म्हणेल, शिक्षणासाठी वेगळा उपकर आपण देतोच. देतो. 2004 पासून कराच्या रकमेवर 2 टक्के, 2007 पासून त्यात आणखी 1 टक्का माध्यमिक आणि उच्च शिक्षणासाठी, आणि 2018 पासून आरोग्य व शिक्षण मिळून आयकरावर 4 टक्के. पण माध्यमिक आणि उच्च शिक्षणाच्या त्या एका टक्क्यासाठी स्वतंत्र निधी उभा करायचे केंद्राने ठरवले ते 2017 मध्ये. दहा वर्षे पैसा आला आणि सर्वसाधारण तिजोरीत मिसळला. शिवाय उपकराचा वाटा राज्यांना द्यावा लागत नाही. शिक्षकांचे पगार मात्र मुख्यतः राज्य भागवते. शिक्षणाच्या नावाचा पैसा एकीकडे आणि शिक्षणाचा खर्च दुसरीकडे. शिक्षणासाठी नेमलेल्या कोठारी आयोगाने राष्ट्रीय उत्पन्नाच्या 6 टक्के शिक्षणावर खर्च करा असे 1966 मध्ये सांगितले. 1968, 1986 आणि 2020 च्या शिक्षण धोरणांनी ते मान्य केले. आजवर तिथे आपण एकदाही पोहोचलो नाही.

वह्या, पेन्सिली, खोडरबर यांच्यावरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून शून्य झाला. त्याबद्दल आभार मानतो. पण पेन्सिलीवरचे चार पैसे वाचले म्हणून शाळेचा पत्रा बसत नाही.

माझे मागणे साधे आहे. 276 व्या कलमातली मर्यादा वाढवावी आणि व्यवसाय कर कमाईप्रमाणे चढता करावा. 25,000 पर्यंत पुरुषांनाही माफी द्यावी, म्हणजे आमचे वॉचमन सुटतील. महिना लाखाच्या वर कमावणाऱ्याने आणि मोठ्या उलाढालीच्या कंपनीने आपल्या ऐपतीप्रमाणे द्यावे. वाढीव रक्कम शाळांच्या चालू खर्चासाठी राखून ठेवावी आणि कोणत्या शाळेला किती गेली, ते शाळेच्या भिंतीवर रंगवावे.

‘सरकार खाऊन टाकेल’ असे उत्तर मला नेहमी मिळते. ही भीती खोटी नाही, उपकराचे काय झाले ते मी आत्ताच सांगितले. म्हणून घरी गेल्यावर घरपट्टीचे बिल काढा. त्यात शिक्षण कर असा रकाना आहे. महापालिका तो गोळा करते आणि राज्य सरकारकडे भरते. मी तीस वर्षे तो भरत आलो, लोकांचीही बिले तपासून दिली, आणि हा पैसा कोणत्या शाळेच्या कोणत्या खिडकीला लागला, हे एकदाही विचारले नाही. तुम्ही विचारा. लेखी विचारा, माहितीच्या अधिकारात विचारा, नगरसेवक दारात आले की विचारा. घटनादुरुस्ती संसदेतच होते, तेव्हा खासदारांनाही सांगायला हवे. त्यांच्या नावाच्या निवेदनाच्या प्रती मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत. पेठच्या बाईंच्या वहीतले ते पान त्यांच्या परवानगीने, शाळेचे नाव झाकून, सोबत जोडले आहे.

आता तुमचे प्रश्न घेतो.