काळा धूर आणि पीयूसी: जुना ट्रक पास करायचा तर आधी हवा बघा, मग डिझेल

नमस्कार मंडळी. मागं उभा आहे तो आपला टाटा १६१३ टीसी, २००८ चं मॉडेल, सहाचाकी. वडिलांनी घेतला तेव्हापासून घरातच आहे, पिंपळगावहून कांदा भरून वाशी मार्केटला आणि येताना मिळेल तो माल. तर ही गाडी पीयूसीला लागोपाठ दोनदा नापास झाली, आणि पासिंगची, म्हणजे आरटीओच्या फिटनेस तपासणीची, तारीख तोंडावर आलेली, पीयूसी नाही तर फिटनेस नाही, फिटनेस नाही तर गाडी दारात उभी. त्या पंधरा दिवसांत मी काय चुकलो आणि शेवटी कशानं काम झालं ते सगळं आज सांगतो, कारण जुन्या गाडीवाल्यांचे मेसेज बघितले तर सगळे तीच चूक करतायत, नापास झालं की थेट पंपवाल्याकडे, म्हणजे इंजिनाला डिझेल पुरवणारा पंप दुरुस्त करणाऱ्याकडे, जातात.

आधी टेस्ट नक्की काय असते ते समजून घ्या. डिझेल गाडीला पेट्रोलसारखा गॅस मोजत नाहीत, धूर मोजतात. सायलेन्सरच्या पाईपात नळी घालतात, तो धूर मशीनमध्ये जातो, तिथे एका बाजूनं प्रकाश सोडतात आणि पलीकडे किती पोचला ते मशीन बघतं. धूर जितका दाट तितका आकडा मोठा. गाडी न्यूट्रलला, इंजिन गरम, आणि अ‍ॅक्सिलरेटर झटक्यात पण न आदळता पूर्ण दाबायचा, गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचा वेग ठराविक हद्दीत रोखणारा भाग, पकडेपर्यंत, मग सोडायचा. आधी काही वेळा नुसती रेस देऊन पाईपातली काजळी बाहेर काढायची, मग एकमेकांच्या जवळपासची चार रीडिंग आली की त्यांची सरासरी. बीएस म्हणजे भारत स्टेज, गाडीच्या धुरासाठीचे सरकारी टप्पे. बीएस फोरच्या आधीच्या गाडीला, म्हणजे आपल्यासारख्या बीएस टू, बीएस थ्री वाल्यांना, हा आकडा २.४५ च्या आत पाहिजे, जुन्या भाषेत ६५ हार्ट्रिज, ते धूर मोजायचं जुनं एकक. बीएस फोर असेल तर १.६२, म्हणजे ५० हार्ट्रिज. तुमची गाडी कशात येते ते आरसीवर बघा, अंदाजानं जाऊ नका.

आता यात एक गोष्ट नीट लक्षात घ्या. झटक्यात रेस दिली की पंप लगेच पूर्ण डिझेल सोडतो, पण टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा, अजून फिरायला लागलेला नसतो, म्हणजे डिझेल आलं आणि हवा मागे राहिली. तेवढ्या एक-दीड सेकंदात जे डिझेल अर्धवट जळतं तोच तो काळा भपका. नवीन गाडीत पण हा क्षण असतो, पण जुन्या गाडीत फिल्टर चोंदलेला, होज पाईप फुगलेला, सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं नोझल थेंब थेंब गाळणारं, आणि वर पंपाचं डिझेल वाढवलेलं, सगळं एकदम त्या एका क्षणात बाहेर येतं. म्हणून "रोडवर तर माझी गाडी धूर मारत नाही" याचा टेस्टला काही उपयोग नाही.

माझं काय झालं ते सांगतो. पहिल्यांदा गेलो, रीडिंग आलं ३.८४. तिथेच एकानं सांगितलं पंप कमी करून आण, दहा मिनिटांचं काम आहे. मी गेलो, त्यानं पंपाचा स्क्रू फिरवला, परत टेस्ट, २.९१. तरी नापास. आणि गाडीची अवस्था काय झाली माहितीये, वाशीहून परत येताना भरलेली गाडी कसारा घाटात दुसऱ्या गिअरच्या वर जाईना, मागं लाईन लागलेली, माझा क्लीनर हातात लाकडी ओट, म्हणजे चाकाखाली लावायचा ठोकळा, घेऊन दार उघडूनच बसला होता घाट संपेपर्यंत. मी त्या दिवशी खरंच घाबरलो. डिझेल कमी केलं पण मूळ दुखणं हवेचं आणि नोझलचं होतं, ते तसंच राहिलं आणि गाडीचा जीव मात्र गेला.

मग आमच्या जुन्या मिस्त्रींकडे गेलो, त्यांनी पहिलं वाक्य हेच बोललं, आधी हवा बघ.

(एअर फिल्टर कॅमेऱ्याजवळ)

हे बघा, हा माझा जुना फिल्टर, मुद्दाम ठेवलाय. बाहेरून बघितला तर बरा वाटतो ना? हवा मारून मारून मी तो दीड वर्ष वापरला होता. आता याच्या आत बल्ब धरतो. दिसतंय? इकडे उजेड येतोच नाहीये, आणि इथे, या घडीत, हा एक बारीक ठिपका लखलखतोय, हे भोक आहे. म्हणजे नव्वद टक्के कागद बंद आणि जिथून हवा जाते तिथून धूळ पण सरळ इंजिनात. हवा मारायचीच असेल तर आतून बाहेर, कमी प्रेशरनं, आणि कागदी फिल्टर धुवायचा तर अजिबात नाही. आतला छोटा सेफ्टी फिल्टर असतो तो साफ करायचा नसतोच, बदलायचा. आणि हाऊसिंगच्या खाली रबराचा व्हॉल्व असतो, तो बोटांनी दाबून बघा, माझ्या गाडीत तिथे मूठभर माती निघाली, कांद्याच्या पाल्यासकट.

मग होज. टर्बोपासून मॅनिफोल्डकडे, म्हणजे इंजिनात हवा शिरते तिकडे, जाणारा रबरी होज वरून एकदम ठीक होता. मिस्त्रींनी त्याच्या खाली हात घातला आणि बोटं बाहेर काढली तर काळं तेलकट. चीर खालच्या बाजूला होती, क्लिपच्या अगदी कडेला, नखाएवढी, आणि तिच्याभोवती धूळ तेलात बसून पट्टा तयार झालेला. असा तेलकट पट्टा कुठेही दिसला की समजायचं तिथून हवा बाहेर पडतेय. साबणाचं पाणी लावून दुसऱ्यानं रेस दिली की बुडबुडे येतात. हात मात्र बेल्ट आणि फॅनपासून लांब ठेवा.

फिल्टर, होज, दोन क्लिपा. पंप आधी होता तिथे परत नेऊन ठेवला, आणि मग रीडिंग घेतलं, ३.८४ चं ३.०२ झालं. अजून नापासच, पण पंपाला हात न लावता एवढा फरक, आणि खर्च म्हणाल तर पंपाच्या कामाच्या मानानं काहीच नाही.

त्यानंतर नोझल. नोझलच्या दुकानात एक हातपंप असतो, त्याला नोझल लावून दांडी दाबतात. तुम्ही स्वतः उभं राहून बघा, फोनवर विचारू नका. चांगलं नोझल किर्र किर्र आवाज करत धुक्यासारखा फवारा मारतं आणि थांबलं की टोक कोरडं. आमच्या सहापैकी दोन नोझल पिचकारी मारत होती, एकाच्या टोकाला थेंब लोंबत राहायचा. तो थेंब सिलिंडरमध्ये नीट जळत नाही, त्याची काजळी होते, तुमचं डिझेल काळ्या रंगात वर जातं. त्या दोघांबरोबर सहाही बदलली, टॅपेट, म्हणजे व्हॉल्वची फट, सेट केले, आणि मगच पंप खाली उतरवून टेस्ट बेंचवर लावला. तेव्हा कळलं की पंपाचं सील कधीच तुटलेलं होतं, कोणत्यातरी ड्रायव्हरनं पिकअपसाठी डिझेल वाढवून घेतलेलं. बेंचवर सहाही लाईनचं डिझेल सारखं करून कंपनीच्या मापावर आणलं आणि नवीन सील लावलं. स्क्रू फिरवणं आणि बेंचवर कॅलिब्रेशन करणं यात हा फरक आहे, स्क्रूनं सहाही लाईनचं डिझेल एकदम कमी-जास्त होतं, पण एक लाईन जास्त आणि एक कमी हे जे दुखणं असतं ते तसंच राहतं.

धुराचा रंग पण बघत जा. काळा म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. निळसर म्हणजे ऑइल जळतंय, रिंग, व्हॉल्व सील नाहीतर टर्बोचं सील. पांढरा धूर गरम इंजिनला पण येत राहिला तर डिझेल सुटायचं टायमिंग, नोझल, किंवा पाणी आत जातंय का ते बघा. निळा असेल तर फिल्टर-नोझलवर पैसे घालून पीयूसी निघणार नाही, आधी इंजिन बघावं लागेल.

टेस्टच्या दिवसाबद्दल. गाडी थंड नेऊ नका. मी त्या दिवशी वीस किलोमीटर हायवेला चांगली दाबून आणली, काजळी झडते आणि ऑइल गरम होतं, टेस्टला ऑइल किमान ६० डिग्री पाहिजे असतं. मग सेंटरला लाईन असेल तर तासभर आयडलवर ठेवू नका, परत काजळी साचते, गाडी बंद करा आणि नंबर आला की पुन्हा एक फेरी मारून या. इंजिन ऑइल बरोबर मापात, कमी पण नको आणि जास्त तर नकोच, कारण पूर्ण रेस द्यायची आहे. चाकांना ओट लावा.

नापास झालात तर तोंड पाडून निघू नका, रिजेक्शन स्लिप मागून घ्या. २०२१ पासून तो नियम आहे, ती स्लिप दाखवून तुम्ही गाडीचं काम करून घेऊ शकता किंवा दुसऱ्या सेंटरला टेस्ट करू शकता, मशीनवर शंका असेल तर हाच रस्ता. आणि मालकाचा मोबाईल नंबर सरकारच्या 'वाहन' पोर्टलच्या रेकॉर्डला बरोबर आहे का ते आधीच बघा. नंबर जुना म्हणून लोक सेंटरवर अडकून बसतात.

गाडी न नेता कागद काढून देतो म्हणणारे भेटतात, मला पण भेटले. नका करू. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये दहा हजारापर्यंत दंड आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते आणि लायसन तीन महिने जाऊ शकतं, आणि ते लायसन त्या वेळी स्टिअरिंगवर असलेल्या ड्रायव्हरचं असतं, त्याच्या घरची चूल त्याच्यावर आहे. शिवाय डिझेलच्या धुरामुळे कॅन्सर होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१२ मध्येच पक्कं सांगितलंय. आपल्या गाडीचा धूर पहिल्यांदा कोण खातं? ड्रायव्हर, क्लीनर, आणि टोलनाक्यावर मागं उभा असलेला बाईकवाला, ज्याच्या पुढं टाकीवर पोरगं बसलेलं असतं. मी ते पोरगं आरशात बघितलंय, तोंडावर रुमाल धरलेला.

दिल्लीला माल नेणाऱ्यांसाठी एक वेगळं सांगतो, तिथल्या आझादपूर मार्केटला कांदा, द्राक्ष जातात म्हणून. १ नोव्हेंबर २०२५ पासून दिल्लीबाहेर रजिस्टर झालेल्या बीएस थ्री आणि त्याखालच्या मालगाड्यांना दिल्लीत एंट्रीच नाही, तुमची पीयूसी कितीही चांगली असू द्या. तिथला माल उचलू नका.

आमचं शेवटचं रीडिंग आलं १.८६. त्याच आठवड्यात भरलेली गाडी घेऊन कसारा चढलो, तिसऱ्या गिअरमध्ये, ओट बाहेर काढायची वेळच आली नाही. आणि बीएस फोरच्या आधीच्या गाडीला पीयूसी सहाच महिने चालते, वर्षभर नाही, म्हणून पुढची तारीख मी क्लीनरच्या दाराला आतून ऑइलपेंटनं लिहून ठेवलीय, हे बघा, इथे. तुमच्या गाडीचं मॉडेल, रीडिंग आणि धुराचा रंग खाली कमेंटमध्ये टाका, मिस्त्रींना घेऊन बसतो आणि एकेकाला उत्तर देतो.