कायदा काट्यावर उभा करा

(गावच्या वाचनालयातील व्याख्यान, थोडे संपादित)

बसा, बसा. मागच्यांनी पुढे या, सतरंजी रिकामी आहे. सामुदायिक प्रार्थना झाल्यावरही तुम्ही थांबलात, याचा मला फार आनंद आहे. कापसाचे दिवस आहेत, सकाळी वेचणीला जायचं आहे, हे मला ठाऊक आहे. फळ्यावर विषय लिहिलाच आहे: ‘रस्त्यावरचा कायदा आणि आपलं गाव’. मी एस.टी.त 29 वर्षं चालक होतो. त्यामुळे बोलणार ते स्टिअरिंगमागून पाहिलेलं.

आधी एक विचारतो. ज्यांच्या ट्रॉलीला मागचा लाल दिवा आहे आणि तो लागतो, त्यांनी हात वर करा. एक, दोन, तीन. त्यातल्या तिसऱ्याकडे ट्रॅक्टरच नाही, मी ओळखतो त्याला. (हशा) म्हणजे दोन. बाहेर किती ट्रॅक्टर उभे आहेत ते येताना मी मोजलं आहे. नऊ.

आता ती रात्र सांगतो. ती सांगितल्याशिवाय पुढचं बोलता येत नाही. 2014 चा डिसेंबर. यवतमाळ जिल्ह्यातली रात्रीची शेवटची फेरी. गावाचं नाव घेत नाही, त्या घरातली माणसं अजून तिथेच राहतात. गाडीत एकोणीस प्रवासी, बरेचसे झोपलेले. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी, थंडी भरपूर. समोरून ट्रक आला, अप्परवर, म्हणजे दिवे पूर्ण वर करून. मी दोनदा डिपर दिला, त्यानं ऐकलं नाही. डोळ्यांपुढे नुसता पांढरा उजेड. ट्रक बाजूनं निघून गेला आणि त्या उजेडाच्या मागे काळं काहीतरी उभं दिसलं. ब्रेकवर उभाच राहिलो मी. बाया ओरडल्या, वाहकाची पेटी पुढे येऊन आदळली. गाडी थांबली तेव्हा समोरच्या काचेला कापूस टेकला होता. कापसानं भरलेली ट्रॉली. वायपरच्या दांडीत एक बोंड अडकून राहिलं होतं, ते मी हातानं काढलं.

खाली उतरलो. चाकाजवळ एक माणूस बसला होता, अंगावर घोंगडी. म्हणाला, “पंचर झाली काका. पोट्टं गेलं जॅक आणाले.” मी विचारलं, मागचा दिवा कुठे? “तो मांगच्या साली तुटला. ब्याटरी बी उतरते नं त्यानं.” दिवा असता तरी दिसला नसता. दोन्ही बाजूंनी कापूस इतका फुगवून भरला होता की मागची फळी त्याच्याखाली गेली होती. चांगला माणूस होता. पाणी पाजलं त्यानं मला.

बाभळीच्या दोन फांद्या तोडून मी ट्रॉलीच्या मागे वीस पावलांवर टाकल्या. जवळच्या ठाण्याला फोन केला. तिथल्या जमादारानं नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं की ठाण्यात एकच गाडी आहे, ती बंदोबस्ताला गेली आहे. मग मी निघालो. प्रवासी होते, गाडीची वेळ पाळायची होती, काय करणार होतो?

सकाळी तीच गाडी घेऊन परत आलो. फांद्या चाकाखाली चुरल्या होत्या. ट्रॉलीखाली मोटरसायकल, पुढचं चाक दुमडलेलं. एकाच गावचे दोघं होते, मुलगी पाहून परत येत होते. कापसाला लागलेलं रक्त अजून ओलं होतं. मी दोन फांद्या टाकून निघून गेलो होतो, हे अकरा वर्षं माझ्या मनातून जात नाही. आणि ट्रॉली सरकू नये म्हणून चाकाला लावलेले दगड आठवडाभर त्या जागी तसेच पडून होते. गाडी निघून जाते, चाकाला लावलेले दगड कोणी उचलत नाही. पुढचा मोटरसायकलवाला त्यांवर पडतो. हे तुमच्यापैकी प्रत्येकानं पाहिलं आहे.

आता हिशेब करा. ताशी 60 म्हणजे सेकंदाला साधारण 17 मीटर. मोटरसायकलचा दिवा डिपरवर, म्हणजे खाली केलेला असताना, 30-40 मीटरच दाखवतो. डोळ्यांनी पाहून हात ब्रेकपर्यंत जाईस्तोवर त्यातलं अर्धं अंतर संपतं. त्या पोरांचं वाहन चालवणं वाईट होतं, असं लोक म्हणाले. हेल्मेट नव्हतं, खरं आहे. पण दिसलंच नाही तर सावध माणूस तरी काय करेल?

2023 च्या 1 जुलैला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस पेटून 25 जण गेले. सगळा महाराष्ट्र रडला, रडायलाच पाहिजे होतं. पण 2022 या एका वर्षात देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं मेली, आपल्या राज्यात 15,000 च्या वर, आणि त्यांत सर्वांत जास्त दुचाकीवाले. ते एकेक, दोन-दोन करून जातात. त्यांची बातमी जिल्ह्याच्या पानावर चार ओळींची येते.

काळीपिवळी जीपबद्दलही बोलायचं होतं. तो दाराला लटकून ‘अजून दोन बसतात’ म्हणणारा पोरगा तुम्हाला माहीत आहे... अध्यक्षांची चिठ्ठी आली. सात मिनिटं. बरं, काळीपिवळी राहू द्या, मूळ मुद्द्यावर येतो.

कायदा कमी नाही. 2019 च्या दुरुस्तीनं अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर पालकाला 25,000 दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. ट्रॅक्टरवर बसलेलं सोळा वर्षांचं पोरगं त्यातच येतं. धडकून पळालेली गाडी सापडली नाही तर मृताच्या घरच्यांना सरकार दोन लाख देतं. तहसीलमध्ये अर्ज करायचा असतो, आपल्याकडे तो कोणी करत नाही. पण एका ठाण्याला पन्नास गावं आणि एक गाडी असेल, तर तो कायदा रात्री अकरा वाजता शिवारातल्या रस्त्यावर कसा उभा राहील? रस्त्यावर नाहीच राहणार. म्हणून मी म्हणतो, तो काट्यावर उभा करा.

प्रत्येक ट्रॉली कुठे ना कुठे थांबतेच. सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या फाटकावर, बाजार समितीच्या वजनकाट्यावर, पंपावर. तिथे माणूस आहे, उजेड आहे, पावती आहे. नियम एवढाच करायचा: उजेड पडला की चमकते ती चिकटपट्टी, मागे लाल, बाजूंना पिवळी, पुढे पांढरी, आणि मागचा दिवा लागतो, हे पाहिल्यावरच वजन. शेतकऱ्याला परत पाठवायचं नाही, तो पहाटेपासून रांगेत असतो. पट्टी तिथेच लावून द्यायची आणि तिचे पैसे मालाच्या चुकाऱ्यातून वळते करायचे. एक क्विंटल कापसाच्या पैशात कितीतरी ट्रॉल्यांना पट्टी लागते. पट्टी फळीवर नको, कापूस तिला झाकतो. मागच्या खालच्या लोखंडी आडव्या दांड्यावर लावा.

ग्रामसभेचा ठराव लागेल, तो मी लिहून आणला आहे, सरपंचांकडे देतो. बाजार समितीच्या सभापतींना द्यायचा अर्जही सोबत आहे. सह्या आज रात्रीच पाहिजेत, कारण खरेदी सुरू झालीच आहे.

वेळ संपली, हो, पाहिलं. या पिशवीत लाल पट्टीचे चार रोल आहेत, माझ्या पेन्शनमधून आणले आहेत. बाहेरच्या नऊ ट्रॅक्टरांना पुरतात. कोणाकडे कात्री आहे? आणि एक ओलं फडकं आणा, एक कोरडं. धुळीवर पट्टी धरत नाही, पहिल्या पावसात निघून येते. आधी दांडा पुसून घेऊ.