समोरच्या बाकावरचा माणूस

(दृश्य: पुण्याच्या पेठेतील एका शाळेचा जिना, संध्याकाळ. वर्गात बाके सरकवणारे हात.)

शाळकरी मुलांच्या उंचीची ही बाके मोठ्या माणसांना सोयीची नाहीत. तरीही दर आठवड्याला शाळा सुटल्यावर, दारू सोडू पाहणाऱ्यांच्या मीटिंगसाठी, ती भिंतीकडून ओढून समोरासमोर मांडली जातात आणि मांडणारे हात शिपायाचे नसतात. यांतील एक जण रिक्षा चालवतो, एक बँकेतून निवृत्त झालेला आहे, आणि चहाचे पातेले सांभाळत जिना चढणारा तरुण व्यसनमुक्ती केंद्रातून नुकताच घरी परतला आहे. चहाचे काम नव्या माणसाकडे मुद्दाम दिले जाते. घरात ज्याच्या हाती दुधाचे पैसे द्यायलाही कुणी तयार नव्हते, त्याच्याकडे येथे साखर-चहापूड आणण्याचे पैसे पहिल्या काही मीटिंगांतच सोपवले जातात.

(दृश्य: दाराबाहेरच्या चपला, बुटांच्या जोड्या; कपांची रांग.)

या चित्रफितीत सभासदांपैकी एकाचाही चेहरा दिसणार नाही. ही मीटिंग अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे एए, या संघटनेची. तिच्या बारा परंपरांपैकी, म्हणजे कामकाजाच्या तत्त्वांपैकी, अकरावी परंपरा असे सांगते की वृत्तपत्रे, रेडिओ आणि चित्रपट यांच्या पातळीवर सभासदाने अनामिक राहावे. म्हणून मीटिंग सुरू असताना आमचा कॅमेरा बंद होता, आणि जे आवाज आपण ऐकणार आहोत ते नंतर, बोलणाऱ्यांच्या संमतीने, वेगळे ध्वनिमुद्रित केलेले आहेत.

(ध्वनी: “मी अल्कोहोलिक. फक्त आजचा दिवस प्यायलो नाही.”)

या एका वाक्यामागे मोठा इतिहास आहे. 1935 च्या मे महिन्यात बिल डब्ल्यू. नावाचा न्यूयॉर्कचा एक शेअर दलाल ओहायो राज्यातील ॲक्रन या गावी धंद्याच्या कामासाठी गेला होता. दारू सोडून त्याला काही महिनेच झाले होते. काम फिसकटले, हॉटेलच्या बारमधले आवाज कानी येऊ लागले, आणि आपण आता पिणार हे त्याला कळून चुकले. त्या वेळी त्याने डॉक्टरचा शोध घेतला नाही, तर गावातील चर्चना फोन लावून ज्याच्याशी बोलता येईल असा दुसरा दारुडा मिळेल का, अशी चौकशी केली. त्यातून ज्याची गाठ पडली तो योगायोगाने डॉक्टरच निघाला. पण हा सर्जन, डॉ. बॉब, बिलला भेटला तो दारू न सुटणारा माणूस म्हणून. त्या डॉक्टरने 10 जून 1935 रोजी शेवटचा प्याला घेतला आणि तोच दिवस एएचा स्थापना दिन मानला जातो. समोरच्याला सावरताना आपण स्वतः सावरतो, हा शोध त्या दोघांच्या गप्पांतून लागला. पुढे 1953 मध्ये कॅलिफोर्नियात नार्कोटिक्स ॲनॉनिमस सुरू झाली आणि हीच पद्धत इतर अमली पदार्थांच्या व्यसनींपर्यंत पोहोचली.

(दृश्य: येरवडा, आळंदी रस्त्यावरची वाहतूक.)

पुण्यात या विचाराला घर मिळाले ते येरवड्याला. गर्द या अमली पदार्थाने तरुण मुले पोखरली जात असताना, मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट यांनी अनिल अवचट यांच्यासह 29 ऑगस्ट 1986 रोजी ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांची आर्थिक मदत त्यामागे होती, हे पुणेकरांना ठाऊक आहे. त्याहून महत्त्वाची वाटणारी गोष्ट मात्र कमी सांगितली जाते, ती अशी की तेथून बरे झालेली माणसेच पुढे तेथे कार्यकर्ते म्हणून उभी राहिली. ज्याने स्वतः घरातली भांडी विकली आहेत त्याला थापा मारून चालत नाही, हे दाखल झालेल्या रुग्णाला पहिल्या दिवसातच उमगते.

अर्थात मीटिंग हा उपचाराला पर्याय नव्हे. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो आणि जिवावरही बेतू शकते. तो टप्पा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच पार पाडावा लागतो. मीटिंगचे काम त्यानंतरचे, म्हणजे ओळखीच्या कोपऱ्यावरचे ओळखीचे दुकान पुन्हा दिसू लागते तेव्हाचे.

(दृश्य: वर्गातील फळा, कापडी पिशवी हातोहात फिरताना.)

येथे एक जण बोलतो तेव्हा बाकीचे मध्ये बोलत नाहीत, सल्ला देत नाहीत, चुका काढत नाहीत. उपदेशाची हौस ज्या शहराला जरा अधिकच आहे, तेथे हा नियम तासभर पाळला जातो, हे नोंदवण्याजोगे आहे. ज्याला अधिक बोलायचे असेल त्याच्यासाठी स्पॉन्सर असतो, म्हणजे आधी सावरलेला आणि रात्री दोन वाजताही फोन उचलणारा सभासद. ही पिशवी सातव्या परंपरेची. तिच्यात सभासदांनीच, जमेल तितके टाकायचे असते. बाहेरची देणगी चालत नाही. आमच्या कॅमेरामनने भिडेखातर टाकलेली शंभराची नोट निवृत्त बँकवाल्यांनी घडी न मोडता परत आणून दिली आणि वर चहा पाजला.

(दृश्य: तळहातावरचे मेडल.)

हे मेडल वर्षभर सोबर, म्हणजे न पिता, राहिल्याचे आहे. रिक्षावाल्या सभासदाने ते घेतले तेव्हा ज्या बाई कोपऱ्यात उभ्या होत्या, त्या त्याच्या पत्नी.

काही जण स्लिप होतात, म्हणजे पुन्हा पितात; त्यांतले काही परत येतात, काही परत येत नाहीत.

(दृश्य: सूचनाफलक.)

सभासदत्वाला फी नाही, अर्ज नाही. पिणे थांबवण्याची इच्छा ही एकच अट आहे. बंद मीटिंगला फक्त ही इच्छा असलेल्यांनी यायचे असते, तर खुल्या मीटिंगला घरच्यांनाही येता येते. कुटुंबीयांसाठी 1951 पासून अल-ॲनॉन हे स्वतंत्र गट चालतात, आणि तेथे जाण्यासाठी घरातल्या पिणाऱ्याने दारू सोडलेली असण्याची गरज नसते. केंद्र सरकारच्या व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा क्रमांक 14446 आहे. या शाळेसारखी एखादी खोली संध्याकाळी तासभर देऊ शकतील अशा संस्था पुण्यात पुष्कळ आहेत, आणि गटांना हवी आहे ती तेवढीच जागा.