शाओलिनचा किन्नर

मंडळी, कराटेच्या क्लासात एक गोष्ट हमखास कानावर येते. कांचीपुरमचा राजपुत्र बोधिधर्म चीनला गेला, शाओलिन मठातल्या मरतुकड्या भिक्षूंना त्याने व्यायाम शिकवला आणि त्यातून कुंग फू जन्माला आलं. ऐकून आपली छाती फुगते. पण बोधिधर्माचं नाव अशा व्यायामाशी जोडणारं पुस्तक, 'यीजिन चिंग', निघालं १६२४ च्या सुमारास. म्हणजे त्याच्यानंतर हजारएक वर्षांनी.

या पुस्तकाला जुनेपणा यावा म्हणून चीनच्या तांग राजवटीतला सेनापती ली चिंग याच्या नावाने ६२८ सालची एक प्रस्तावना जोडलेली आहे. सेनापती म्हणतात, हा ग्रंथ मला 'दाट दाढीवाल्या वीरा'कडून मिळाला. आता हा दाढीवाला कधी जन्मलाच नव्हता हो! तो एका गाजलेल्या जुन्या कथेतलं पात्र. अठराव्या शतकात लिंग तिंगखान या विद्वानाने ही बनवाबनवी उघडी पाडली आणि लिहिणाऱ्याला अडाणी गावमास्तर म्हणून मोकळा झाला. बरं, त्या पुस्तकात ठोसे-लाथा नाहीतच. आहे तो शरीर कणखर करण्याचा व्यायाम, तोही बराचसा ताओवादी, म्हणजे चीनच्याच ताओ पंथाच्या वळणाचा.

मग भारताचा संबंध नाहीच का? आहे की, आणि मला तो जास्त आवडतो. मठ उभा राहिला ४९५ च्या आसपास, तोच मुळी बातुओ नावाच्या भारतीय भिक्षूसाठी. त्याचा शिष्य सेंगचोउ याची एक कथा आठव्या शतकातल्या लेखनात येते. पोरगा अंगाने किडकिडीत, सोबती त्याला बदडायचे. त्याने वज्रपाणीचे, म्हणजे बुद्धाच्या वज्रधारी रक्षकदेवाचे पाय धरले. देव प्रकटला, हातात स्नायूंनी भरलेलं पात्र. "खा!" पोरगा म्हणतो, मी भिक्षू, मांस कसं खाऊ? देवाने वज्र उगारलं. खाल्लं बिचाऱ्याने, आणि पुढे त्याची ताकद पाहून सोबत्यांची पाचावर धारण बसली. हाच वज्रपाणी अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातही आहे, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

भिक्षूंच्या लढाईचा पक्का पुरावा ६२१ सालचा. राजपुत्र ली शिमिनच्या बाजूने ते लढले, शत्रूचा पुतण्या पकडून दिला, बदल्यात जमीन मिळाली. ७२८ च्या शिलालेखात तेरा भिक्षूंची नावं आहेत. ते कसे लढले, हत्यारं कोणती, याबद्दल मात्र अक्षर नाही. मठाला जमिनीचा हक्क सिद्ध करायचा होता, लढाईचं तंत्र कशाला कोरतील?

लाठीची कथा भेटते १५१७ च्या शिलालेखात. लाल फेटेवाल्या बंडखोरांनी मठाला घेरलं, तेव्हा स्वयंपाकघरातला एक नोकर चुलीतलं लाकूड घेऊन बाहेर आला, डोंगराएवढा झाला आणि बंडखोर पळाले. तो होता किन्नरराज! आपल्या पुराणांतले किन्नर म्हणजे स्वर्गातले गाणारे-वाजवणारे, तिथे त्याच्या हातात लाठी. प्रत्यक्षात त्या धामधुमीत मठाची नासधूसच झाली होती.

शाओलिनमध्ये दहाहून अधिक वर्षं शिकलेल्या चेंग झोंगयोउने सतराव्या शतकाच्या आरंभी लाठीवर पुस्तक लिहिलं. त्यातही लाठीविद्येचा मूळपुरुष हाच किन्नर. भिक्षू त्या काळी मुठीच्या लढाईकडे का वळले, याचं त्याने दिलेलं कारण साधं आहे: लाठी सगळीकडे नावाजलेली आहे, मूठ अजून तितकी नाही, म्हणून तिलाही त्या तोडीची करायची आहे.