आभाळ आलंय, पापड उचला

नमस्कार श्रोतेहो. चैत्र-वैशाखात आपल्या बेळगावात दुपारी तीन-साडेतीनला वारा पडतो. झाडाचं पान हलत नाही. बनियन पाठीला चिकटतो आणि गल्लीतलं कुणीतरी म्हणतंच, "आज येणार बघ!"

वळवाची वाट बघणं हा आमच्या वडगावातल्या घरचा उन्हाळी सण. पण सणात दोन पक्ष. आजोबांना पाऊस आजच हवा, कारण येळ्ळूर रस्त्याच्या शिवारातली जमीन दगडासारखी झालेली. वळीव पडून ढेकळं भिजली की नांगरट, मशागत उरकायची आणि रोहिणीच्या सुमाराला धूळवाफ पेरणीत, म्हणजे कोरड्या मातीतच, भात टाकायचं. आईला तोच पाऊस परवा हवा, कारण गच्चीवर तीन जुनेरांवर उडदाचे पापड, शेजारी सांडगे, आणि सांडग्यांच्या राखणीला मी.

"मामा, तुमच्या पावसाला एक दिवस थांबायला सांगा की," आई म्हणायची.

"तुझ्या पापडाला लवकर वाळायला सांग की पोरी," आजोबा म्हणायचे.

देव्हाऱ्यात एकच गणपती. त्याने कुणाचं ऐकायचं?

वळीव असा अवचित का येतो, हे मला पुढे शाळेत कळलं. दिवसभर तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढते, अरबी समुद्राकडून येणारा दमटपणा तिला मिळतो, आणि दुपारपर्यंत मोकळं असलेलं आभाळ संध्याकाळी दहा किलोमीटरहून उंच ढगांनी भरून येतं. आजोबांना एवढं सांगायची गरज नव्हती. ते राजहंसगडाकडे बघायचे. गड काळा पडला की उठायचे.

मग मोजणी सुरू. वीज चमकली की आकडे मोजायचे, गडगडाट ऐकू आला की थांबायचं. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. छत्तीस आले तर वीज बारा किलोमीटरवर. एकदा बावीसच आले. आजोबांनी खालून हाक मारली, "सगळे खाली!" आणि श्रोतेहो, इथे माझं कळकळीचं सांगणं ऐका. मोजणी तिसाच्या आत आली की गच्ची सोडा, शेत सोडा, आंब्याखाली तर मुळीच थांबू नका. पक्क्या घरात जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच राहा. पापड पुन्हा लाटता येतात.

हे आईलाही पटलेलं होतं, पण हात थांबेनात. तेवढ्यात शेजारच्या घरातल्या कन्नड अज्जी ओरडल्या, "मळी बरतैति, लगू तगीरी!" म्हणजे पाऊस येतोय, लवकर काढा. आणि नुसतं ओरडून थांबल्या नाहीत, पदर खोचून जिन्याने वर आल्या. एक जुनेर त्यांनी धरलं, एक आईने, तिसरं मी. तीन मिनिटांत गच्ची रिकामी. जिन्यात सांडग्यांची गाठोडी, परातीत पापड, आणि पापडांवर मान टाकून निजलेलं आमचं मांजर.

(२०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळ अरबी समुद्रातून किनाऱ्यालगत वर सरकत होतं, तेव्हाही गल्लीने अशीच वाट बघितली. हे नाव म्यानमारने दिलेलं, आणि त्याचा अर्थ पाल! ते कळल्यावर आईच्या मनात पाल चुकचुकली आणि त्या वर्षी तिने कुरडया दोन दिवस आधीच आत घेतल्या.)

तर त्या संध्याकाळी आम्ही दारं लावून बसलो. वारा सुटला, कौलं खडखडली, लाइट गेली. आजोबा नांगराला बैल कुणाचे मागायचे ते ठरवत होते. टपटप करत दहा-बारा थेंब आले, मातीचा वास सुटला. आणि थांबलं. आभाळ उघडलं, चांदणी दिसली.

अर्ध्या तासाने नंदगडहून मावशीचा फोन. तिकडे धो धो, परसात गारांचा सडा.

आईने फोन ठेवला. "तिचे पापड कालच वाळलेत," म्हणाली.

आजोबा राजहंसगडाकडे बघत ओट्यावर बसून राहिले. अज्जींनी अंधारातूनच विचारलं, "मग उद्या परत घालायचे काय गे?"