पत्र्यावरचा चाफा

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या शेजारच्या आजींनी एकदा चाफ्याची मोडलेली फांदी उचलून न्हाणीच्या पत्र्यावर टाकली. मार्च महिना. सोलापूरचा मार्च, म्हणजे दुपारी पत्र्याला हात लावायची सोय नाही. जळणाला होईल म्हणून टाकली आणि विसरल्या. पंधरा-वीस दिवसांनी बघतो तर सुरकुतलेल्या त्या सोट्याच्या टोकाला दोन पोपटी पानं! ना माती, ना पाणी.

मी मात्र आदल्या पावसाळ्यात त्याच झाडाची ताजी फांदी काळ्या मातीत खोचून रोज तांब्याभर पाणी घालत होतो. महिन्याभरात ती बुडाशी मऊ पडली, ओढली तर हातात आली. आजी म्हणाल्या, "पाणी पाजून मारलास की रे तिला!"

तर आज बोलायचंय या देवचाफ्याबद्दल. कुणी त्याला खुरचाफा म्हणतं. सोनचाफा वेगळा, त्याचं कूळही वेगळं. हा कण्हेर-सदाफुलीच्या कुळातला. देवळांच्या, दर्ग्यांच्या आवारात इतका मुरलाय की परका वाटतच नाही. पण याचा मूळ मुलूख मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटं. शास्त्रीय नाव प्लुमेरिया, सतराव्या शतकातल्या शार्ल प्लुमिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञावरून पडलेलं. लाओसनं तर याला राष्ट्रीय फुलाचा मान दिलाय.

याच्या जाडजूड फांद्या म्हणजे पाण्याच्या टाक्याच. हिवाळ्यात पानं गाळून झाड नुसता सांगाडा होतं, तेव्हा वाळलं समजून तोडू नका. फुलाचा वास रात्री जास्त दरवळतो, आणि गंमत अशी की आत मध नसतोच. वासाला भुलून पतंग येतात, फुलाफुलांत सोंड घालून उपाशी परततात. जाता जाता परागीभवन मात्र करून जातात. जेवायला बोलावून ताटच न मांडणारा यजमान!

फुलं पूजेला, गजऱ्याला, अत्तरासाठी. चीक मात्र कातडीला झोंबतो, डोळ्यांत तर जाऊच देऊ नका. घरगुती औषध म्हणून तो वापरायच्या फंदात पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता लावायचं कसं? फेब्रुवारी-मार्चमध्ये फूटभर लांबीची, राखाडी पडलेली जून फांदी घ्या. कोवळी हिरवी नको, ती सडते. पानं काढून सावलीत आठ-दहा दिवस ठेवा, चीक वाळून कापलेल्या जागी खपली धरू द्या. कुंडीत निम्मी माती, निम्मा मुरूम किंवा वाळू. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, तिथंच घात होतो. एकदा पाणी द्या, मग पानं फुटेपर्यंत हात आवरा. जागा भर उन्हाची हवी. ऊन आपल्याकडे विकत आणावं लागत नाही.

फुलं फांदीच्या शेंड्यालाच येतात. शेंडा छाटला की दोन-तीन फांद्या फुटतात, म्हणजे पुढं तेवढे गुच्छ वाढले. पावसाळ्यात पानांच्या पाठीवर नारिंगी भुकटी दिसली तर तो तांबेरा. ती पानं खुडून लांब टाका.

आजींची ती फांदी पुढं फुटक्या घागरीत लावली, तिसऱ्या उन्हाळ्यात फुलली. आता तिचीच छाटणी येत्या फेब्रुवारीत आहे, आणि गल्लीतल्या तिघांनी आतापासूनच फांद्या सांगून ठेवल्यात.

नमस्कार.